शुक्रवारचा दिवा

जसिंता मोत्ताने दोन्ही पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडले, डोळे मिटले, आणि तेवढ्यात कानातलं यंत्र कुरकुरलं.

"जसिंताक्का, देवळात ये." आवाज फादर कालिस्तूंचा होता.

"पंधरा मिनिटं द्या सामी. तीनच्या प्रार्थनेला येतेच आहे की."

"आत्ता ये. लूर्दूअण्णा गेले."

तिने पाय बाहेर काढले. चंद्रावर पाणीसुद्धा आळशी. घमेल्यात उठलेली लाट बराच वेळ काठावर रेंगाळत राहिली. जसिंता तेवढा वेळ तिच्याकडे बघत बसली. अठ्ठावन्न वर्षांचं वय, त्यातली एकोणीस वर्षं या बर्फाच्या खाणीवर. बस्तीत कुणीही बंद खोलीत मेलं, की तिथली हवा नीट होती असा दाखला तिला द्यावा लागे. हवा-तपासनीस म्हणून तेच तिचं काम. दाखल्याशिवाय पुरताही येत नसे.

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. बारा ते अडीच अख्खी पनिमय, म्हणजे बर्फमातेची, बस्ती वलय-गल्लीतून क्रूसाची वाट चालली होती. चौदा थांबे, चौदा वेळा गुडघे टेकणं. इथं वजन सहावा हिस्सा, म्हणून क्रूस पोकळ करून त्यात खडी भरत. खांदा दुखला नाही तर ती क्रूसाची वाट कसली, असं तुतिकोरीनच्या किनाऱ्यावरून आलेले म्हातारे म्हणत. तिकडच्या उकाड्यातही त्यांची माता बर्फाचीच होती. इथं आल्यावर तिला शोभेल इतका बर्फ मिळाला, एवढाच काय तो फरक.

देऊळ म्हणजे सात नंबरचं जुनं गोदाम. दारात पाच-सहा जण उभे होते. लूर्दूसामी वेदीच्या पायरीवर कुशीला पडला होता, हातात जपमाळ. सत्तरीला टेकलेला हा माणूस बस्तीचा कोविलपिळ्ळै, म्हणजे देवळाची झाडलोट, दिवा, घंटा, नोंदवह्या सगळं त्याच्याकडे. कानांनी ठार बहिरा. गुडघे गेलेले, म्हणून मिरवणुकीत न येता तो दर वर्षी बारापासून इथं एकटाच बसे.

डॉक्टर एस्तेल उठून उभी राहिली. "ओठ निळे आहेत. अंगावर खूण नाही. हृदय असेल."

"असेल की आहे?"

"इथल्या सामानावर एवढंच सांगता येतं, अक्का. तू हवेचं सांग."

जसिंताने मोजयंत्र लावलं. हवा उत्तम होती. फारच उत्तम, नुकतीच पंख्यांनी धुऊन काढल्यासारखी.

तेवढ्यात दारातून म्हातारी सेसम्मा किंचाळली, "अगं बाई, दिवा बघा! दिवा!"

सगळ्यांनी वर पाहिलं. वेदीमागच्या पवित्र भाकरीच्या पेटीसमोर लाल काचेतला दिवा जळत होता.

वेदी उघडी होती. तिच्यावर चादर नव्हती, फुलं नव्हती. पुतळे जांभळ्या कापडात बांधलेले. गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साच्या उपासनेनंतर पवित्र भाकर शाळेच्या खोलीत हलवली होती आणि पेटीचं दार सताड उघडं, आत काही नाही. ज्याच्यासाठी दिवा लावायचा तो भाकरीतला ख्रिस्तच घरात नाही, म्हणून गुरुवारी रात्री हा दिवा विझतो आणि शनिवारच्या जागरणापर्यंत विझलेलाच राहतो.

"देवानं स्वतः लावला," सेसम्मा छातीवर क्रूस काढत म्हणाली. "तीस वर्षं त्यानं दिवा सांभाळला. जाताना देवानं त्याच्यासाठी लावला."

गर्दीतून एक उंच तरुण पुढे आला. आरोक्यम वास, हवा-मिस्त्री. पंधरा दिवसांनी जसिंताच्या भाचीशी त्याचं लग्न होतं. त्याचे डोळे लाल होते.

"सामी, घंटा देऊ का? बस्तीला कळायला हवं."

फादर कालिस्तूंनी थकून नुसती मान हलवली. नको.

"विझव तो दिवा," ते जसिंताला म्हणाले. "चमत्कार निस्तरायची ताकद नाही माझ्यात."

तिने स्टूल ओढून दिवा खाली घेतला. विझवण्याआधी नीट पाहिला. पितळी कडा एका बाजूला निळी-जांभळी पडली होती आणि त्याच बाजूला काचेला केसाएवढी चीर होती. वातीच्या ज्योतीने पितळ असं होत नाही.

*

बस्तीचा व्यवस्थापक गुणशेखरन कचेरीतच होता. तो कधी देवळात येत नसे, पण देवळाच्या दिव्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर. साऱ्या बस्तीत उघडी ज्योत फक्त एक. तिच्यासाठी सात नंबरला आग विझवायचा नायट्रोजन वेगळा जोडलेला.

"संध्याकाळपर्यंत दाखला दे बाई, म्हणजे वर कळवतो," तो म्हणाला. "हृदय ना?"

"दिवा पेटलेला होता."

गुणशेखरन खुर्चीत ताठ झाला. "कसा असेल? काल सात वाजता तुमच्या पिळ्ळैनं दिवा बंद झाल्याचं लिहून दिलंय. पेटवायचं यंत्रही जमा." त्याने खण उघडला. चिठ्ठी होती. तिच्यावर लूर्दूसामीची सही, खाली गुणशेखरनची. शेजारी छोटं पितळी ज्योत-यंत्र.

"दर वर्षी जमा होतं?"

"दर वर्षी. मला तुमच्यातलं काही कळत नाही, अक्का, पण एवढं पाठ झालंय. गुरुवारी विझतो, शनिवारी पेटतो. सहा वर्षं सही करतोय."

"तू आज दुपारी कुठं होतास?"

"इथंच. पृथ्वीवरच्या साहेबांबरोबर पडद्यावर समोरासमोर, साडेबारा ते अडीच. नोंद बघ." तो हसला नाही. "मला दिवा नको होता हे खरं. म्हातारा मात्र मला आवडायचा. दर ख्रिसमसला माकरून बिस्किटं आणून द्यायचा, दगडासारखी."

जसिंता सात नंबरच्या मागच्या कपाटाशी गेली. नायट्रोजनच्या बाटलीचा काटा भरलेला दाखवत होता. पण महिन्यापूर्वी तिने स्वतःच्या वहीत या बाटलीचा नंबर एकतीस लिहिला होता. आता समोर चव्वेचाळीस होता. एकतीस नंबर तिला नऊ नंबरच्या कपाटात सापडला. रिकामा.

ती कपाटाच्या दाराला टेकून उभी राहिली. म्हणजे हृदय नव्हे. कुणीतरी बाहेरून दार धरून ठेवलं होतं आणि आत नायट्रोजन सोडला होता. बहिरा म्हातारा जपमाळ ओढत बसलेला. नायट्रोजनला वास नसतो, गुदमरल्याचंही कळत नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस संपतो. मग पंखे लावून हवा धुतली, बाटली बदलली. आणि दिवा लावला.

दिवा का लावला?

*

यंत्रशाळेत आरोक्यम एकटा होता. तिला पाहून त्याने स्टूल पुसून दिलं.

"बसा चित्ती. चहा आणू? बिनदुधाचा."

फिलोमी तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. ती चित्ती, म्हणजे मावशी, म्हणे, म्हणून हाही म्हणे. नऊ महिन्यांपूर्वी बस्तीवर आला तेव्हापासून त्याने कुठलं काम नाकारल्याचं जसिंताला आठवत नव्हतं. दर रविवारी मिस्साला पुढच्या बाकावर. आवाज गोड.

"चहा नको. लांबच्या खाणीवरून कधी आलात?"

"आज अकराला. आठ जण."

"किती दिवसांनी?"

"बारा."

"म्हणजे कालचा मिस्सा चुकला."

"चुकला. काय करणार, पाळी लावली होती."

"आल्यावर काय केलंस?"

"अंघोळ केली आणि आडवा झालो. क्रूसाच्या वाटेला यायचं होतं, पण डोळे उघडेनात."

"लूर्दूअण्णा भेटले?"

त्याने स्टूल पुसलेल्या फडक्याची घडी घातली. "गाडीतून उतरताना. कसा आहेस म्हणाले."

"एवढंच?"

"बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ओरडून सांगणं. एवढंच."

"आणि दिव्याचं काय म्हणणं तुझं?"

"म्हाताऱ्यानंच लावला असेल हो. वय झालं होतं. वार विसरला असेल."

जसिंताने भिंतीवरच्या झाळकामाच्या बत्त्यांकडे पाहिलं. तीन खुंट्या, तीन बत्त्या. लांब, निळी, धारदार ज्योत देणाऱ्या.

"बाकीचे दोघे मिस्त्री, मोच्चम आणि कास्पर, कुठं होते दुपारी?"

"ते दोघं तर क्रूस वाहत होते, चित्ती. सगळ्यांनी पाहिलंय."

"हो," ती म्हणाली. "मीही पाहिलंय."

परत येताना तिला वाटलं, हृदय लिहून द्यावं. एक सही, बस. म्हातारा काही परत येणार नाही. पंधरा दिवसांनी फिलोमी पांढरं लुगडं नेसेल, जोडप्याला कायमची खोली मिळेल, आणि आपण बदलीचा अर्ज टाकून किनाऱ्यावर जाऊन झोपावं. एकोणीस वर्षांची झोप. हा विचार तिने गल्लीच्या दोन वळणांपर्यंत केला. तिसऱ्या वळणावर फादरांचं दार आलं.

*

"सामी, कुणी कबुलीला आलंय का?"

"नाही. आलं असतं तर तुझ्याशी बोलताच आलं नसतं. विचार."

"लूर्दूअण्णा काल काही म्हणाले?"

फादरांनी कपाळ चोळलं. "रविवारी तुझ्या फिलोमीच्या लग्नाला कुणाची हरकत आहे का, हे विचारायची तिसरी घोषणा आहे. दोन झाल्या. काल मिस्सानंतर म्हणाले, तिसरी थांबवा. का, तर म्हणे शनिवारपर्यंत धीर धरा, मुलगा स्वतः तुमच्याकडे येईल. मला वाटलं भांडण झालं असेल पोरांचं. मी तुला बोललो नाही."

"नोंदवह्या कुठं आहेत?"

बाप्तिस्म्याच्या वहीत शेवटच्या पानाशी घडी केलेलं पत्र होतं. गुरुवारच्या टपालाने आलेलं. लग्नाआधी वराच्या गावाहून बाप्तिस्म्याचा दाखला मागवावा लागतो. तो लूर्दूसामीने मागवला होता, आणि तिकडच्या पाद्रींनी उत्तर पाठवलं होतं. जसिंताने ते दोनदा वाचलं. पाठीमागे म्हाताऱ्याच्या वाकड्या अक्षरात काही लिहिलं होतं, तेही वाचलं. मग पत्र फादरांना दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. विवराच्या काठावर अर्धी पृथ्वी टेकली होती. ती तिथून कधी हलत नसे.

"उद्या दहाला सगळ्यांना देवळाच्या वस्त्रखोलीत बोलवा," ती म्हणाली. "आज मला झोपू द्या."

*

शनिवारी दहाला वस्त्रखोलीत पाच जण होते. फादर, गुणशेखरन, डॉक्टर एस्तेल, आरोक्यम आणि जसिंता. आरोक्यमला वाटलं होतं, अंत्यविधीचं ठरवायचं आहे.

"लूर्दूअण्णा नायट्रोजनने मेले," जसिंता बसल्या-बसल्याच म्हणाली. उभं राहायचा कंटाळा आला होता. "बाटली बदललेली आहे. रिकामी नऊ नंबरात सापडली. हे बस्तीतलं कुणीही करू शकतं. बाटल्या बदलायला सगळ्यांनाच शिकवलंय मी."

जसिंताने भाजल्या कडेचा दिवा टेबलावर ठेवला.

"ज्यानं केलं तो नंतर आत गेला. हवा धुतली होती. त्यानं वर पाहिलं, तर दिवा विझलेला. नायट्रोजनमध्ये ज्योत विझते हे शेंबड्या पोराला कळतं. विझलेला दिवा पाहून मी हवा तपासणार. म्हणून त्यानं तो लावला. पण पेटवायचं यंत्र म्हाताऱ्याच्या खिशात सापडेना. ते होतं गुणशेखरनच्या खणात. मग त्यानं झाळकामाची बत्ती वापरली. तिनं पितळ भाजलं, काच तडकली."

"मग मिस्त्र्यांपैकी," गुणशेखरन म्हणाला.

"थांब. तो दिवा नायट्रोजनने विझलाच नव्हता. गुरुवारपासून विझलेला होता. हे बस्तीत कुणाला माहीत नाही? सेसम्मा पाहताक्षणी ओरडली. सात वर्षांच्या पोराला माहीत आहे. देवळात पाय न ठेवणाऱ्या गुणशेखरनला माहीत आहे, सही त्याची आहे. मी रात्रभर एकच विचार करत होते. शुक्रवारी तो दिवा जळता असायला हवा, असं कुणाला वाटेल? ज्यानं दिवा रोज जळताना पाहिला, पण हा आठवडा आयुष्यात कधी पाहिला नाही, त्याला."

आरोक्यम हलला नाही.

"लांबच्या खाणीवरून आठ जण आले. सगळ्यांचाच गुरुवार चुकला. सात जण लहानपणापासून हे बघत आलेत. आठवा जुलैत आला, गेल्या ईस्टरनंतर. त्यानं काल सामींना विचारलं, घंटा देऊ का. गुरुवारपासून शनिवारपर्यंत घंटा वाजत नाही रे बाळा. घंटेला लूर्दूअण्णा गोणपाट बांधून ठेवायचे. किनाऱ्यावरच्या घरात जन्मलेलं पोर हा प्रश्न विचारणार नाही."

"चित्ती, मी थकलो होतो... तोंडातून गेलं..."

"मीही थकलेय." तिने पत्र टेबलावर ठेवलं. "आरोक्यम वास सहा वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला. त्याच्या आईनं रिकामी पेटी पुरली. तू कोण?"

मग तो खाली बसला, जमिनीवरच.

"त्याच्या होडीवर होतो," तो म्हणाला. "सेल्वन. मिठागरातला. आई-बाप ठाऊक नाहीत. दोन वर्षं त्याच्याबरोबर जाळी ओढली. गाणी त्यानंच शिकवली, होडीवर. माझ्या मिठाच्या पायांना कोण चंद्रावर नेणार होतं? त्याचे कागद होडीत राहिले होते. तो म्हणायचा, तू जा, मला पाण्याशिवाय जमायचं नाही."

"लूर्दूअण्णा काल काय म्हणाले तुला?"

"पत्र आलंय म्हणाले. ओरडूनच म्हणाले. घोषणा थांबवलीय म्हणाले. आणि म्हणाले, शनिवारी सगळ्या गावासमोर तुझं खरं नाव घ्यायला लावतो." त्याने मान वर केली. "हसून म्हणाले, चित्ती! मला वाटलं, मजा येतेय याला. सगळ्यांसमोर उघडा पाडणार, फिलोमीसमोर, आणि पुढच्या यानात घालून परत मिठात. तासभर हातापाया पडावं असं मनात होतं. गल्ली रिकामी झाली होती. मी बाटलीपाशी कधी गेलो..."

फादर कालिस्तूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

"शनिवारी काय असतं, ठाऊक आहे तुला?" जसिंताने विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

"आज जागरणाचा मिस्सा. मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा वर्षातून याच रात्री करतात. सगळ्या गावासमोर. पाणी घालताना नाव विचारतात, ते माणसानं स्वतः मोठ्यानं सांगायचं असतं." तिने पत्र उलटं केलं. "त्यांनी इथं लिहिलंय. वाचता येतं ना?"

तो वाचेना. मग फादरांनीच वाचलं, अडखळत.

"'शनिवार. बाप्तिस्मा, एक. सामींना मुलगा स्वतः सांगेल. गुणशेखरनशी कागदाचं मी बोलेन, तो ऐकतो. पांढरा सदरा पोराकडे नसेल, माझा द्यावा.'"

गुणशेखरन उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी ऐकलं असतं," तो भिंतीला म्हणाला. "अर्ज करावा लागला असता. पण ऐकलं असतं."

सेल्वनने कपाळ जमिनीला लावलं आणि तसाच राहिला. जरा वेळाने दोन पहारेकरी आले तेव्हा त्यांनी त्याला उचलून उभं केलं. तो इतका हलका वाटला की एकाने चमकून दुसऱ्याकडे पाहिलं.

दारात फादर पुढे झाले. "सेल्वन, मी संध्याकाळी कोठडीत येईन."

"कशाला सामी?"

"ते मला अजून ठाऊक नाही. पण येईन."

*

जसिंताने दाखल्यावर खरं कारण लिहिलं, सही केली आणि घरी गेली. गल्लीत पोरं रंगीत अंडी घेऊन पळत होती. कुणीतरी तिला विचारलं, रात्री वाचन तूच करणार ना? ती हो म्हणाली. उत्पत्तीचा पहिला अध्याय, आकाशं निर्माण झाल्याचा. दर वर्षी तिच्याचकडे असे, आणि दर वर्षी लांब वाटे.

फिलोमी खाटेवर बसली होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण पहारेकऱ्यांना तिने जाताना पाहिलं होतं. तिच्या मांडीवर मासळीच्या कालवणाची चिंच भिजवलेलं भांडं होतं. बोटं पाण्यात तशीच.

जसिंता तिच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. बत्ती सांगितली, पत्र सांगितलं, सदरा सांगितला. मध्ये एकदा फिलोमीने "पुरे" म्हटलं, मग "नाही, सांग" म्हटलं.

सांगून झालं तेव्हा बाहेर गायक मंडळी आल्लेलुया घोळवत होती. उपासाचे चाळीस दिवस न म्हटलेला शब्द, सूर लागत नव्हता.

"चित्ती, त्याचं खरं नाव काय म्हणालीस?"

"सेल्वन."

फिलोमीने ते नाव हलकेच उच्चारून पाहिलं, नवीन माणसाचं पाहतात तसं. मग तिने भांडं खाली ठेवलं, ओले हात परकराला पुसले आणि कपाटातून चपला काढल्या.

"कुठं निघालीस?"

"लूर्दूअण्णांकडे. त्यांचं कुणी नाही इथं. अंघोळ घालायला दोघी तरी लागतील." ती दारात थांबली. "तुझे पाय दुखत असतील तर राहू दे."

पाय दुखतच होते. जसिंता भिंतीला धरून उठली.

"थांब," ती म्हणाली. "येते."